क्राकोवची आंबील

गुरुवार

म्युनिकहून क्राकोवला विमानाने जेमतेम सव्वा तास लागतो. मला म्युनिकमध्ये नोकरीला येऊन सहा वर्षं झाली, पण पोलंडला जावं असं कधी मनात आलं नव्हतं. ते मनात घातलं आत्याने. ती दोन महिन्यांसाठी कोल्हापूरहून माझ्याकडे आली होती. मी पॅरिस, व्हेनिस अशी नावं घेत बसले होते आणि ती मधेच म्हणाली, "पोलंड इथून लांब आहे काय गं?"

या प्रश्नामागे वळिवडे आहे. कोल्हापूरकरांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियाने सायबेरियाकडे हाकललेली पोलिश माणसं, त्यात बायका आणि मुलंच जास्त, इराणमार्गे हिंदुस्थानात आली. त्यांच्यातले सुमारे ५,००० जण १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले. फाळणीनंतर तिथेच सिंधी निर्वासितांची वस्ती झाली. लग्नाचा बस्ता बांधायला आपण ज्या गांधीनगरला जातो, ते हेच. आमचे आजोबा तेव्हा शाळकरी होते आणि सायकलवरून छावणीच्या बाजूला चक्कर मारायचे. त्यांची एक आठवण आत्या अगदी स्वतःची असल्यासारखी सांगते. त्या गोऱ्या बायका बाजारातून काकड्या न्यायच्या आणि मिठाच्या पाण्यात बुडवून आंबेपर्यंत ठेवून द्यायच्या. पणजीला हे अजिबात पटायचं नाही. आजोबा म्हणायचे, "आपण आंबील पितोच की."

तेव्हा ठरलं, चार दिवस क्राकोव. राजवाडे, संग्रहालयं वाटेत येतील तेवढी बघायची. खरं काम दोनच : तिथली माणसं घरी जे खातात ते खायचं, आणि संध्याकाळी निवांत बसता येईल असे बार शोधायचे. आत्या पासष्ट वर्षांची, पूर्ण शाकाहारी, अंडंही खात नाही, दारूचा तर प्रश्नच नाही. मी सगळं खाते आणि थंडीत बिअरचा एक ग्लास मला आवडतो. म्हणून माझी कसोटी सोपी होती. साडी आणि वर स्वेटर घातलेली माझी आत्या जिथे दोन तास अवघडल्याशिवाय बसू शकेल, तो बार चांगला.

पहिल्या संध्याकाळी मात्र आम्ही चुकलो. विमानतळावरून शहरात यायला आगगाडी आहे, वीसेक मिनिटांत मुख्य स्टेशनवर सोडते. काझिमेश भागात स्वयंपाकघर असलेला छोटा फ्लॅट घेतला होता. तिथे सामान टाकलं आणि भुकेच्या भरात सरळ रिनेकवर, म्हणजे जुन्या गावाच्या चौकात गेलो. चौक पाहून जीव खरंच हरखतो. प्रत्येक बाजू सुमारे २०० मीटर, मधोमध कापडबाजाराची लांबच लांब कमानींची इमारत, कोपऱ्यात सेंट मेरीचं विटांचं चर्च. १२५७ साली आखलेला चौक अजून तसाच वापरात आहे. आणि तिथेच एका दारातल्या माणसाने हसून मेन्यू पुढे केला, सहा भाषांतला, प्रत्येक पदार्थाच्या फोटोसकट. आम्ही बसलो. पिरोगी नावाच्या, सारण भरलेल्या करंज्यांच्या कडा वाळून कडक झालेल्या, आत मधोमध थंड. सूप कोमट. बिल १९० झ्वोती. एक झ्वोती म्हणजे तेव्हा एकवीस-बावीस रुपये, हिशेब तुम्हीच करा. आत्या काही बोलली नाही, फक्त ताटात अर्धं टाकलं. तिने ताटात टाकलेलं मी आयुष्यात दुसऱ्यांदा पाहिलं.

बाहेर आलो तेव्हा नऊ वाजत होते. चर्चच्या उंच मनोऱ्यावरून तुतारी वाजली. दर तासाला, रात्रंदिवस, चार दिशांना चार वेळा ती वाजवतात आणि सूर मधेच तुटतो. तातारांच्या हल्ल्याची खबर देताना तुतारीवाल्याच्या गळ्यात बाण घुसला, अशी दंतकथा आहे. सूर तुटला तशी आत्या थबकली. चौथ्यांदा तुटेपर्यंत आम्ही दोघी थंडीत माना वर करून उभ्या होतो.

शुक्रवार

सकाळी नाश्त्याला रस्त्यावरचं कडं. ओब्वाझानेक त्याचं नाव. नाक्यानाक्यावर काचेच्या छोट्या गाड्या असतात, त्यात हाताच्या पंजाएवढी कडी रचलेली : खसखस लावलेली, तीळ लावलेली, जाड मीठ लावलेली. तीन-चार झ्वोतींना एक. पिठाच्या दोन-तीन वळ्या एकमेकींवर पिळून कडं जोडतात, आधी गरम पाण्यातून काढतात आणि मग भाजतात. नावातच ते उकळणं आहे. त्यामुळे वरून तकतकीत, चावायला चिवट आणि आत मऊसूत. १३९४ सालच्या राजवाड्याच्या हिशेबात या कड्यांचा खर्च नोंदलेला आहे आणि २०१० पासून त्यांना युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन आहे, आपल्या कोल्हापुरी गुळाला आहे तसं. पण हे सकाळीच खायचं. दुपारपर्यंत त्याचा जीव जातो.

याच कड्याचा चुलतभाऊ म्हणजे बेगल. १६१० मध्ये क्राकोवच्या ज्यू समाजाने केलेल्या नियमांत बेगलचा उल्लेख सापडतो, बाळंतिणीला द्यायच्या भेटींमध्ये. हे मी आत्याला वाचून दाखवलं. ती खसखशीचं कडं मोडत म्हणाली, "म्हणजे त्यांचा डिंकाचा लाडूच की."

दुपारी बार म्लेच्नी. शब्दशः अर्थ दुधाचा बार, पण इथे दारू मिळत नाही. ही साध्या घरगुती जेवणाची खानावळ. पहिली १८९६ साली वॉर्सात एका दूधवाल्या जमीनदाराने काढली. दूध, अंडी, पीठ, भाज्या, मांस नाही. पुढे कम्युनिस्ट राजवटीत कामगारांना स्वस्त जेवण मिळावं म्हणून त्या देशभर झाल्या, १९८९ नंतर पुष्कळशा बंद पडल्या. ज्या उरल्या त्यांना सरकार अजून अनुदान देतं, आणि माझ्या दृष्टीने मोलाची गोष्ट अशी की ते अनुदान बिनमांसाच्या पदार्थांना आहे. म्हणजे फळ्यावर जे सगळ्यात स्वस्त, ते बहुधा शाकाहारी. पोलंडमध्ये शाकाहारी माणसाचे हाल होतात असं मला चार जणांनी सांगितलं होतं. ते चारही जण बहुतेक रिनेकवरच जेवले असणार.

आम्ही ग्रोद्स्का रस्त्यावरच्या 'पोड तेमिदों'मध्ये गेलो. रांगेत पुढे दोन म्हाताऱ्या बायका, कॉलेजची पोरं, रंगाचे डाग पडलेल्या कपड्यांतला एक रंगारी. भिंतीवर पदार्थांची यादी. आपण सांगायचं, पैसे द्यायचे, ट्रे उचलायचा, रिकामी जागा दिसेल तिथे बसायचं. जेवण झालं की ताटं आपणच परत नेऊन द्यायची. कोणी हसून स्वागत करत नाही आणि ते बरंच वाटतं, कारण कोणाला घाईही नसते. दोन गोष्टी लक्षात ठेवा. 'बेझ म्येन्सा' म्हणजे मांस नको. आणि 'बेझ स्क्फारेक' हे तर आवर्जून म्हणा, कारण शाकाहारी पिरोगीवरही डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे सर्रास टाकतात. सूप कशाच्या पाण्यात शिजवलंय तेही विचारावं लागतं.

आत्याने घेतल्या पिरोगी रुस्क्ये. नावावरून रशियन वाटतात, पण रशियाशी संबंध नाही. रुस म्हणजे रुथेनिया, आजच्या पश्चिम युक्रेनचा प्रदेश. म्हणून २०२२ नंतर काही ठिकाणी यांना युक्रेनियन पिरोगी म्हणू लागलेत. अर्धचंद्राच्या आकाराच्या, करंजीसारख्या, पण उकडलेल्या. आत बटाटा, त्वारुग नावाचं आंबूस ताजं पनीर, परतलेला कांदा आणि मिरपूड. वर तुपकट कांदा. आत्याने काट्याने एक पिरोगी उलटी केली आणि तिची कड बघत बसली. बोटांनी चिमटत नेलेली, प्रत्येक चिमट्याची खूण वेगळी. यंत्राची कड एकसारखी असते, ही नव्हती. मग तिने ती तोंडात टाकली. पारी इतकी पातळ की दातांना जाणवते न जाणवते, मग बटाट्याचा मऊपणा आणि पाठून त्या पनीरचा आंबटपणा. तिने नऊच्या नऊ संपवल्या. बरोबर कोंपोत होतं, फळं उकळून केलेलं गार गोडसर पाणी, त्यात तळाला एक सफरचंदाची फोड.

मी झुरेक घेतलं. हे या शहराला यायचं माझं खरं कारण होतं. राय नावाचं धान्य, म्हणजे आपली मोहरीची राई नव्हे, थंड देशात पिकणारं गव्हाच्या जातीचं धान्य. त्याचं पीठ पाण्यात कालवून लसूण, तमालपत्र घालून चार-पाच दिवस आंबवतात आणि त्या आंबलेल्या पाण्याचं सूप करतात. दिसायला राखाडी-पांढरं, त्यात उकडलेलं अंडं, पांढऱ्या सॉसेजचे काप, वर मार्जोरम नावाचा सुका सुगंधी पाला चुरडलेला. पहिल्या चमच्याला मी थांबले. ही चव मला माहीत होती. ओढ्यावरच्या रेणुकेच्या आंबील यात्रेत, डिसेंबरच्या गारठ्यात, आईचा हात धरून उभी असताना द्रोणातून प्यायलेली. ज्वारी-नाचणीच्या जागी राय, ताकाच्या जागी लसूण आणि धूर, पण पाठीचा कणा तोच. आत्याला चव देता येत नव्हती, आत सॉसेज. तिने नुसता वाडगा नाकाशी नेला, डोळे मिटले आणि म्हणाली, "व्हय."

संध्याकाळ काझिमेशमध्ये. १३३५ साली काझिमेश राजाने वसवलेलं हे वेगळं गाव होतं, मग शतकानुशतकं इथे ज्यू राहिले. युद्धाआधी क्राकोवमध्ये साठ हजारांवर ज्यू होते. १९४१ मध्ये नाझींनी त्यांना नदीपलीकडे पोडगुझेच्या घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवायच्या वस्तीत कोंबलं आणि तिथून छळछावण्यांत. त्यांच्यातले फार थोडे वाचले. इथल्या बारमध्ये बसताना भिंतीवरचे जुने फोटो, जुन्या दारांच्या चौकटी दिसतात, आणि त्या नुसत्या सजावटीच्या म्हणून बघता येत नाहीत. आम्ही आधी सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या रस्त्यावरून सावकाश चाललो, मग बसायला जागा शोधली.

प्लात्स नोवी या चौकात मधोमध एक गोल इमारत आहे, १९०० सालची. पूर्वी तिथे धर्मनियमाप्रमाणे कोंबड्या कापत. आता तिच्या भोवतीच्या खिडक्यांतून झापिएकांका विकतात : अर्धा लांब पाव उभा चिरून त्यावर परतलेली मशरूम आणि चीज, भट्टीतून काढून वर केचपची रेघ. १९७०च्या दशकातलं हे रस्त्यावरचं खाणं. हातभर लांबीचं असतं, दोघींत एक पुरतं. शाकाहारी माणसाने वीस प्रकारांच्या यादीत न शिरता साधंच घ्यावं. मशरूम नीट परतलेली असतील तर आणखी काही लागत नाही.

त्याच चौकाच्या कडेला 'सिंगर' आहे. आत मेणबत्त्या, काळपट लाकूड, आणि टेबलं म्हणजे जुनी शिलाई मशीनं, सिंगर कंपनीची, लोखंडी पायडलसकट. इथे वेटर मागे लागत नाही. काउंटरवर जायचं, हवं ते मागायचं, पैसे द्यायचे, आपला ग्लास आपण आणायचा. मग कितीही वेळ बसा. मी मसाले घातलेली गरम बिअर घेतली. आत्याला लिंबू घातलेला काळा चहा, शेजारी रासबेरीच्या सरबताची छोटी वाटी. ते सरबत चहात ओतून पितात, आणि तिथली तरुण पोरंसुद्धा पितात, त्यामुळे तिने चहा मागितला म्हणून कोणाची नजर वळली नाही. ती बसली, पाय पुढे सरकवला आणि तिला टेबलाखाली पायडल लागलं. आजीचं मशीन याच कंपनीचं होतं, भवानी मंडपाजवळच्या दुकानातून हप्त्याने घेतलेलं. आत्याने चप्पल काढली, मोजा घातलेला पाय जाळीदार लोखंडावर ठेवला आणि हळू दाबला. चाक फिरलं नाही, ते कधीचं गच्च झालेलं. पण तिचा पाय तसाच हलत राहिला, टाच, चवडा, टाच, चवडा, पुढचा दीड तास. पलीकडच्या टेबलावर एक आजोबा एकटेच वर्तमानपत्र वाचत होते. दोन मुली कुजबुजत काहीतरी लिहीत होत्या. गाणं इतक्या हळू आवाजात की शब्द ऐकायला कान द्यावा लागे.

निवांत बार म्हणजे काय ते मला तिथे कळलं. आपण काय पितो, किती पितो, किती वेळ बसतो याचा हिशेब तिथे कोणी ठेवत नाही. नंतर 'अल्खेमिया' आणि 'म्लेचार्निया'तही डोकावलो. दोन्ही याच जातीचे, मेणबत्त्यांचे. 'म्लेचार्निया'ची बाहेरची बाग उन्हाळ्यात फार सुंदर असणार, ऑक्टोबरात तिथे ओल्या पानांचा खच होता. पण आत्याचं मन त्या पायडलवर होतं. उरलेल्या संध्याकाळीही आम्ही तिथेच जाऊन बसलो.

उलट जुन्या गावात फ्लोरियान्स्का रस्त्यावर रात्री छत्र्या घेतलेली माणसं अंगचटीला येऊन क्लबमध्ये ओढू बघतात. त्यांच्याशी बोलूच नये. आणि आणखी एक, कोणी नवखं असेल तर : पैसे देताना 'जेंकुये', म्हणजे धन्यवाद, असं म्हणालात तर उरलेले पैसे टीप म्हणून ठेवा असा त्याचा अर्थ घेतात. सुटे हातात आल्यावरच धन्यवाद म्हणा.

शनिवार

स्तारी क्लेपाशची मंडई. तटाबाहेर, रिनेकपासून दहा मिनिटांवर. मला विचाराल तर क्राकोवमध्ये एकच सकाळ असेल तर ती इथे घालवा. अरुंद गल्ल्या, वर छप्पर, दोन्ही बाजूंना गावाकडून आलेल्या बायका. वाळवलेल्या रानमशरूमच्या माळा, झेंडूच्या माळांसारख्या टांगलेल्या. धुरात वाळवलेले आलुबुखारे, हात लावला तर बोटांना चुलीचा वास. तात्रा डोंगरातलं ओस्त्सिपेक, मेंढीच्या दुधाचं, चातीच्या आकाराचं, लाकडी साच्यात दाबून नक्षी उमटवलेलं आणि धुरी दिलेलं. याला २००८ पासून मानांकन आहे. मेंढ्या डोंगरावर चरतात तेवढ्याच महिन्यांत खरं मिळतं. हिवाळ्यात जे विकतात ते बहुधा गायीच्या दुधाचं असतं, तेव्हा विचारून घ्या. तव्यावर गरम करून आंबट लाल बेरीच्या मुरंब्याबरोबर देतात. दाताखाली करकरतं.

आणि मग पिंपं. निळी प्लास्टिकची, एक लाकडीही. एकात बारीक चिरलेला आंबवलेला कोबी, एकात काकड्या, वर बडीशेपेच्या जातीच्या शेपूचे तुरे, लसूण, मुळ्यासारखं तिखट हॉर्सरॅडिशचं मूळ. व्हिनेगर नाही. फक्त मीठ, पाणी आणि दिवस. मीठ या भागाला नवं नाही, क्राकोवपासून पंधरा किलोमीटरवर व्येलिच्काची खाण, जिथून मध्ययुगापासून मीठ निघत होतं आणि राजांचा खजिना भरत होता. ती खाण बघायला सगळे जातात. मला वाटतं तिचं खरं काम या पिंपात दिसतं.

विकणारीने लाकडी चिमट्याने एक काकडी काढली, सुरीने उभी चिरली आणि अर्धी आत्याच्या हातावर ठेवली. आत्याने ती खाल्ली नाही लगेच. तळहातावर धरून बघत राहिली. हिरवी नव्हे, पिवळट-शेवाळी, आतून पारदर्शक, बिया फुगलेल्या, पाणी मनगटापर्यंत ओघळलेलं. मग चावली. कचकन आवाज झाला. "दादांना ही कधी खायला मिळाली नव्हती," ती म्हणाली. आजोबांना ती दादा म्हणायची. "नुसती लांबून बघितलेली."

त्या बाईला मी फोनवरच्या भाषांतरातून वळिवड्याची गोष्ट सांगितली. तिला कोल्हापूर माहीत नव्हतं, पण सायबेरिया म्हटल्यावर ती गप्प झाली आणि उरलेली अर्धी काकडी तिने माझ्या हातावर ठेवली. पैसे घेतले नाहीत.

झुरेकचं आंबवण बाटल्यांत भरून विकायला होतं, तळाशी पिठाचा गाळ बसलेला, झाकणाला लसणीची पाकळी चिकटलेली. शेजारी बीटरूटचंही, गडद जांभळं, ते नुसतंच पितात. उत्तरेकडच्या गाजराच्या कांजीची सख्खी बहीण. आत्याने झुरेकची बाटली उचलली आणि खुणेने विचारलं, मांसाशिवाय? बाईने जोरजोरात मान हलवली. तिने फोनवर सांगितलं त्याचा मथितार्थ असा की ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासात घरोघर बिनमांसाचंच झुरेक असायचं. इतकं, की गुड फ्रायडेला लोक कंटाळून झुरेकचं मडकं समारंभाने पुरून टाकायचे किंवा फोडायचे. नाताळच्या आदल्या रात्रीचं बारा पदार्थांचं जेवणही इथे बिनमांसाचंच असतं, मासे मात्र चालतात. म्हणजे या देशाच्या सणाउपासाच्या स्वयंपाकात शाकाहाराची जुनी, पक्की वाट आहे. ती हॉटेलांच्या मेन्यूवर दिसत नाही एवढंच.

बाटली, मूठभर सुकी मशरूम, दोन गाजरं, बटाटे, सेलरीचा कंद, लसूण, सायीचं दही घेऊन आम्ही फ्लॅटवर आलो. आत्याने पदर खोचला. मशरूम गरम पाण्यात भिजत घातली, त्याच पाण्यात गाजर, कंद, तमालपत्र आणि तीन दाणे ऑलस्पाइस टाकून उकळी आणली. ते गाळलं. त्यात बटाट्याच्या फोडी शिजवल्या. मग बाटली हलवून तळचा गाळ मिसळला आणि बारीक धारेने ओतत डावाने ढवळत राहिली, आंबील गुठळी होऊ नये म्हणून ढवळतो तशी, एकाच दिशेने. लसूण मिठाबरोबर ठेचून घातला. शेवटी मार्जोरम दोन तळव्यांत चुरडला. वास आख्ख्या जिन्यात गेला असावा, कारण वरच्या मजल्यावरच्या बाई खाली येताना दाराशी क्षणभर थांबल्या आणि काचेतून हसल्या.

आम्ही वाडगे घेऊन खिडकीत बसलो. आंबटपणा आधी जिभेच्या कडांना लागतो, मग मशरूमची मातीची चव येते, मग लसूण. आत्याने दोनदा घेतलं. त्या चार दिवसांत मी खाल्लेलं सगळ्यात चांगलं पोलिश जेवण हेच.

दुपारी ट्रामने नोव्हा हुताला गेलो, १९४९ पासून पोलाद कारखान्यासाठी उभारलेली कम्युनिस्ट नमुनानगरी. रुंद रस्ते, राखाडी कमानी, आणि मधल्या चौकाला आता रोनाल्ड रेगनचं नाव. तिथल्या बार म्लेच्नीत आत्याने बटाट्याची धिरडी खाल्ली, कडेने कुरकुरीत. छान होती. पण पाऊस लागला आणि आम्ही लवकर परतलो.

रात्री माझ्यासाठी दोन गोष्टी राखून ठेवल्या होत्या. स्तोलार्स्का रस्त्यावर अमेरिकेचे आणि जर्मनीचे वाणिज्य दूतावास आहेत, आणि त्यांच्यासमोर 'अंबासादा श्लेद्झा', म्हणजे हेरिंग माशाची वकिलात. तेलात किंवा सायीत मुरवलेला हेरिंग, वर कच्चा कांदा, बरोबर पाव आणि थंडगार वोडकाचा छोटा पेला. इथे वोडका एका घोटात पितात, पण खाण्याशिवाय पीत नाहीत. खारट, तेलकट घास आधी, मग घोट, मग परत घास. मी चेरीची लालभडक विश्न्युफ्का घेतली. आत्याने पाव आणि काकडी. हेरिंगचा वास तिला सोसवेना, म्हणून अर्ध्या तासात उठलो.

मग ग्झेगुझेत्स्का रस्त्यावर बाजारपेठेच्या इमारतीसमोर. १९९१ पासून रात्री आठनंतर तिथे लागणारी जुनी निळी न्यिसा व्हॅन उभी होती. पांढरे कोट घातलेली माणसं, पुढ्यात लाकडाच्या जाळावर लोखंडी जाळी, त्यावर सॉसेज. गॅस नाही, कोळसा नाही, फोडलेली लाकडं. चरबीचा थेंब पडला की जाळ उसळतो आणि ते शांतपणे चिमट्याने सॉसेज बाजूला घेतात. कागदी बशी, एक पाव, मोहरीची चटणी. फळीवर ठेवून उभ्यानेच खायचं. रांगेत माझ्यापुढे ऑपेराला जाऊन आल्यासारखे नटलेले नवराबायको, मागे टॅक्सीवाला. सॉसेजची कातडी टचकन फुटली आणि धुराची, लसणीची चव. आत्या पलीकडे उभी राहून हात शेकत होती, आणि तिने त्या माणसांकडे बघून मला म्हटलं, "जाळ किती निगुतीनं सांभाळतात बघ की."

रविवार

पोलंडमध्ये बहुतेक रविवारी मोठी दुकानं कायद्याने बंद असतात, हे ध्यानात ठेवून खरेदी शनिवारी उरकावी. पण काल रात्री जिथे व्हॅन होती त्याच आवारात रविवारी सकाळी जुना बाजार भरतो. जमिनीवर चादरी पसरून कपबश्या, पदकं, घड्याळं, पुस्तकं. आत्याने तासभर फिरून एकच वस्तू घेतली : करड्या चिनीमातीची, निळ्या रेघेची, लिटरभराची बरणी. आतून बघितली, टिचकी मारून आवाज ऐकला, तडा नाही याची खात्री केली. पंचवीस झ्वोती. विमानात ती मांडीवर घेऊन बसली.

सोमवारी मी कामावर गेले तेव्हा तिने कोपऱ्यावरच्या दुकानातून रायचं पीठ आणलं. बरणीत पीठ, कोमट पाणी, ठेचलेली लसूण, तमालपत्र, वर फडकं बांधून हीटरजवळ ठेवलं. रोज सकाळी लाकडी चमच्याने एकदा ढवळायची. मंगळवारी काही नाही. बुधवारी कडेला दोन बुडबुडे. शुक्रवारी मी चहा करत होते, तिने फडकं सोडलं, वाकून वास घेतला आणि म्हणाली, "आली."